जमैकाचा राजमा-भात : पोटाला आणि रक्तालाही

मी रात्रपाळीला होते तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एक आई दोन मुलांना घेऊन आली. तिघांनाही उलट्या थांबत नव्हत्या, पोटात कळा येत होत्या, जुलाबही सुरू झाले होते. काय खाल्ले म्हणून विचारले, तर म्हणाली, "घरचाच राजमा-भात, ताई. बाहेरचे काही नाही." खोदून विचारल्यावर कळले, की राजमा भिजवलेला नव्हता आणि सिलेंडर संपत आला म्हणून तिने तीन शिट्यांवरच कुकर उतरवला होता. दाणे दाताखाली कचकच लागत होते, पण ताटातले अन्न टाकायचे कसे, म्हणून सगळ्यांनी खाल्ले.

सकाळपर्यंत तिघेही बरे झाले. घरी जाताना ती म्हणाली, "आता राजमा घरात आणणार नाही." तिचे ते वाक्य मला फार लागले. चूक राजम्याची नव्हती. नीट शिजवलेला राजमा आणि भात यांच्यासारखे कमी खर्चात अंगी लागणारे जेवण शोधून सापडणार नाही. म्हणून यावेळी आपण एक असा भात शिकू, ज्यात राजमा आधी पूर्ण शिजतो आणि मगच त्यात तांदूळ पडतो.

हा भात जमैकाचा. जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. माझ्याबरोबर नर्सिंग शिकलेली एक मैत्रीण नोकरीसाठी इंग्लंडला गेली. तिथल्या रुग्णालयांत जमैकाहून आलेल्या घरांतल्या नर्स पुष्कळ. १९४८ नंतर जमैकाची अनेक माणसे ब्रिटनमध्ये कामाला गेली आणि त्यांतल्या कित्येक बायकांनी रुग्णालये सांभाळली. अशाच एका सहकारी नर्सच्या घरी मैत्रिणीने रविवारी हा भात खाल्ला आणि मला फोनवर कृती सांगितली. मी ऐकून म्हटले, अगं, यातले बहुतेक सामान तर आपल्या किराणा दुकानात मिळते!

हा भात आला कुठून?

जमैकात याला 'राईस अँड पीज' म्हणतात. तिथे 'पीज' म्हणजे वाटाणा नव्हे, कडधान्याचा दाणा. रोजच्या रविवारी राजमा घालतात, पण नाताळच्या दिवसांत ओल्या शेंगांचे दाणे घालतात. ते दाणे म्हणजे आपली तूर! मूळची भारतातली तूर आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली.

पश्चिम आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांना जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवले जात होते. मालक त्यांना पुरेसे अन्न देत नसत. डोंगरउतारावरचा एखादा तुकडा देऊन 'तुमचे तुम्ही पिकवा' म्हणत. त्या तुकड्यात राबायला मुख्यतः रविवारच मिळे. तिथे त्यांनी कंद, भाजी, कडधान्ये पिकवली. तांदूळ आणि कडधान्य एकत्र शिजवण्याची रीत त्यांनी आफ्रिकेतूनच आणली होती. घानामध्ये आजही चवळी आणि तांदळाचा 'वाचे' नावाचा भात घरोघरी आणि रस्त्यावर खातात. १ ऑगस्ट १८३८ रोजी जमैकातले गुलाम पूर्ण मुक्त झाले. हा भात मात्र टिकला आणि रविवारचे मानाचे जेवण झाला.

कॅरिबियनमधल्याच त्रिनिदाद बेटावर याचाच भाऊ शोभेल असा 'पेलाव' करतात. त्यात साखर करपवून कोंबडी परततात, मग तांदूळ आणि तुरीचे दाणे घालतात. पेलाव हे नाव आपल्या पुलावाच्याच घराण्यातले.

भात आणि दाणा एकत्रच का?

नुसत्या भाताने पोट भरते, पण शरीराची झीज भरून निघत नाही. १०० ग्रॅम तांदळात ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात, तर १०० ग्रॅम सुक्या राजम्यात २० ग्रॅमच्या आसपास. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रथिने लहान लहान घटकांची बनलेली असतात. त्यातला लायसिन हा घटक तांदळात कमी आणि राजम्यात भरपूर. मेथिओनिन राजम्यात कमी, ते तांदूळ पुरवतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. आपला वरण-भात आणि खिचडीही याच कारणाने चांगली.

राजम्यात लोह आणि फोलेट हे रक्त तयार व्हायला लागणारे दोन्ही घटक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींपैकी एकीहून जास्त. कडधान्यातले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवताना लिंबू पिळले, तर ते जास्त शोषले जाते आणि जेवणावर लगेच चहा घेतला, तर कमी. म्हणून चहा तासाभराने घ्या. आणि लक्षात ठेवा, हिमोग्लोबिन फार कमी असेल तर जेवणाने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

कच्चा राजमा का बाधतो?

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. खळखळ उकळल्यावर हे द्रव्य नष्ट होते, पण मंद आचेवर न उकळता नुसते कोमट-गरम राहिले, तर विषारीपणा उलट वाढू शकतो. म्हणून चार नियम पाळा.

१. राजमा किमान पाच तास भिजवा. रात्रभर भिजवला तर उत्तम.
२. भिजवलेले पाणी ओतून द्या. त्याने गॅसचा त्रासही कमी होतो.
३. ताज्या पाण्यात, पातेल्यात शिजवत असाल तर उकळी आल्यापासून किमान अर्धा तास खळखळ उकळा. दाणा मऊ झाला नसेल तर पुढेही शिजवा.
४. दाणा दोन बोटांत दाबून पाहा. लोण्यासारखा चेपला तरच शिजला. मध्ये कणी लागली तर परत चढवा.

भिजवलेल्या राजम्याला शिजायला वेळ कमी लागतो. गॅस तिथे वाचवा, शिट्ट्यांत नको.

साहित्य (पाच माणसांसाठी)

२०० ग्रॅम तांदूळ मावेल अशी वाटी घ्या. तांदूळ २ वाट्या, लाल राजमा १ वाटी, अर्ध्या नारळाचा खव, पातीचे कांदे ३, लसूण ५ पाकळ्या, आल्याचा पेरभर तुकडा, अख्खी हिरवी मिरची १, मीठ दीड चमचा, लिंबू १.

मसाल्याला तिकडे दोन गोष्टी लागतात. एक 'ऑलस्पाईस', म्हणजे तिथल्याच एका झाडाची मिरीएवढी वाळवलेली फळे. त्यांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास येतो. आपण २ लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि चिमूटभर जायफळ घ्यायचे. दुसरी 'थाइम' नावाची रानटी वासाची पाने. त्यांच्यातले थायमॉल हेच द्रव्य आपल्या ओव्यात असते, म्हणून पाव चमचा ओवा पुरतो. जास्त घातला तर कडवट लागेल.

कृती

भिजवून निथळलेला राजमा ४ वाट्या ताजे पाणी घालून कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटे ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या आणि दाणा दाबून पाहा. जुना राजमा जास्त वेळ घेतो.

तोवर खवात कोमट पाणी घालून वाटा आणि फडक्यातून पिळून दीड वाटी दूध काढा.

राजम्याचे पाणी फेकू नका, भाताचा तांबूस रंग त्यातूनच येतो. राजमा जाड बुडाच्या पातेल्यात काढा. त्याचे पाणी अडीच वाट्या हवे, कमी असेल तर साधे घाला. त्यात नारळाचे दूध, ठेचलेला लसूण आणि आले, चिरलेला पातीचा कांदा, मसाला, ओवा आणि मीठ घालून पाच मिनिटे उकळा. चव पाहा, पाणी जरा खारट लागले पाहिजे, म्हणजे भात बेताचा होतो.

आता धुतलेले तांदूळ घाला. मिरची न चिरता, न मोडता वर ठेवा. जमैकात 'स्कॉच बॉनेट' नावाची फार तिखट मिरची अशीच अख्खी ठेवतात. वास भातात उतरतो, तिखटपणा उतरत नाही. उकळी आली की घट्ट झाकण लावून मंद आचेवर वीस मिनिटे ठेवा. मध्ये ढवळू नका. गॅस बंद करून दहा मिनिटे तसाच मुरू द्या. मग मिरची अलगद काढा आणि भात मोकळा करा.

एका माणसाच्या वाट्याला सुमारे १४ ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे दोन अंड्यांहून जास्त. सोबत लिंबाची फोड आणि काकडी, टोमॅटो किंवा कोबीची कोशिंबीर घ्या. नारळ महाग असेल तर पाव घ्या, पण राजमा कमी करू नका.

कोणी जपून खावे?

मधुमेह असेल तर हा भात एक वाटीच घ्या आणि उरलेले ताट भाजीने भरा. हृदयविकार असेल तर नारळाचे दूध अगदी थोडे घाला. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राजमा खाऊ नये. लहान मुलांना दाणे कुस्करून, तिखट नसलेला भाग द्या.

घरात फ्रीज नसेल तर एका वेळेपुरताच भात करा. शिजलेला भात रात्रभर उघड्यावर राहिला, तर त्यात जिवाणू वाढून विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. नारळामुळे हा भात आणखी लवकर आंबतो.

एवढी काळजी घेऊनही कोणाला उलट्या-जुलाब झाले, तर ओआरएसचे पाणी घोट घोट पाजत राहा. लघवी कमी झाली, मूल सुस्त झाले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

त्या रात्रीची ती आई पुन्हा भेटली नाही. तिच्यासारखी एखादी तुमच्या शेजारी असेल, तर तिला शनिवारी रात्री एवढेच सांगा : वाटीभर राजमा भिजत घाल, उद्या मिळून शिजवू.