खुबा नवा झाला, चाल जुनीच का राहते?

मागच्या वेळी आपण खुब्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय, ती कुणाला लागते, हे पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न अनेकांनी विचारला: "ऑपरेशन उत्तम झालं, दुखणं गेलं, एक्स-रेही चांगला आहे, मग आई अजून लंगडते का?" आजचा विषय तोच.

आम्ही व्यायामोपचाराचं काम करणारी मंडळी हा प्रश्न सतत ऐकतो. त्याचं थोडक्यात उत्तर असं, की शस्त्रक्रियेने सांधा बदलतो, चाल बदलत नाही. चाल स्नायूंची आणि सवयीची असते. खुबा दुखू लागल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत बहुतेकांची काही वर्षं गेलेली असतात. त्या काळात माणूस दुखऱ्या पायावर कमी वेळ टेकतो, पाऊल आखूड टाकतो, अंग एका बाजूला झुकवतो. शरीराने दुखणं चुकवायला शोधलेली ही युक्ती असते. दुखणं गेलं तरी युक्ती आपोआप जात नाही.

आता चालण्याचं गणित बघू. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या वेळी दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडायला हवी, पण पडत नाही. कारण उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू, ग्लुटिअस मीडियस, आणि त्याचे सोबती कंबर धरून ठेवतात. हा स्नायू दुबळा असेल तर दोनपैकी एक घडतं. एक तर दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते, नाहीतर माणूस सगळं अंग दुबळ्या बाजूवर झुकवून तोल सांभाळतो. मग चाल डुलत डुलत होते. ही खूण फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली वर्णन केली. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या अखेरीला लागला. म्हणजे फोटो वगैरे काही नसताना, रुग्णाला पाठमोरं उभं करून नुसत्या नजरेने त्यांनी हे ओळखलं. आजही आम्ही तसंच बघतो.

या स्नायूवर किती भार येतो? ढोबळ आकडे घेऊ. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. त्या पायाचं स्वतःचं वजन सोडलं तर साधारण ५० किलो तोलायचे आहेत. हा भार खुब्यापासून १० सेंटिमीटरवर आहे असं धरा, आणि स्नायूची पकड फक्त ५ सेंटिमीटरवर. सी-सॉ आठवा. जवळ बसणाऱ्याला दुप्पट जोर लावावा लागतो. म्हणजे स्नायूला १०० किलोची ओढ लावावी लागते, आणि सांध्यावर वजन अधिक ओढ मिळून १५० किलो येतात. वर्षानुवर्षं नीट न वापरलेल्या स्नायूकडून आपण पहिल्या महिन्यात हे मागतो. तो लगेच कसं देईल?

इथे काठीचं काम येतं. काठी कुठल्या हातात धरायची? बरेच जण ऑपरेशन झालेल्या बाजूला धरतात. तसं करू नका, विरुद्ध हातात धरा. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकाच वेळी पुढे. विरुद्ध हात खुब्यापासून साधारण ५० सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे काठीवर नुसता ५ किलोचा दाब दिला तरी आपल्या हिशोबात स्नायूची ओढ १०० वरून ५० वर येते. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली याच विषयावर लेख लिहिला होता, आणि काठी फेकून देऊ नका, हेच त्याचं शीर्षक होतं. भाजीची पिशवी मात्र ऑपरेशनच्या बाजूच्या हातात घ्यावी. दुसऱ्या हातात घेतली तर त्याच स्नायूचं काम वाढतं.

लोकांना काठीची लाज वाटते. "म्हातारं झाल्यासारखं वाटतं हो." आम्ही त्यांना सांगतो, काठीशिवाय लंगडण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं केव्हाही बरं. लंगडत मारलेली प्रत्येक फेरी म्हणजे लंगडण्याचाच सराव. शिवाय डुलत्या चालीचा त्रास पुढे कंबरेला आणि गुडघ्याला होतो, तोलही जातो. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळं कधी यायचं, हे कॅलेंडर बघून ठरवू नये. घरच्यांनी मागून बघावं. खांदे डुलत नसतील तर पुढची पायरी.

दुसरी अडचण पुढच्या बाजूला असते. जुन्या दुखण्यात खुब्याचा पुढचा भाग आखडतो, पाय मागे जात नाही, म्हणून पाऊल आखूड पडतं आणि माणूस कंबरेतून वाकतो. पाठीवर झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका, ती सवय हा आखडलेपणा टिकवते. चालताना आधी टाच टेकवा, दोन्ही पावलं सारख्या लांबीची टाका. कान वापरा. चपलेचा आवाज "टप... टप..." असा सारख्या अंतराने यायला हवा. "टप-टप... टप-टप" आला, तर एका पायावर आपण घाई करतोय.

व्यायामासाठी स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. ओटा धरून ताठ उभं राहा, पाय बाजूला न्या, परत आणा. तसाच सरळ मागे न्या. दहा-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. अंग झुकवून पाय उंच नेण्यापेक्षा, अंग स्थिर ठेवून थोडासा नेलेला चांगला. पुढे ओट्याला हात लावून ऑपरेशनच्या पायावर काही सेकंद उभं राहायचं, दुसऱ्या बाजूची कंबर पडू न देता. मात्र एक अट. काही पद्धतींत शस्त्रक्रियेच्या वेळी हाच बाहेरचा स्नायू सोडवून परत शिवलेला असतो, तेव्हा काही आठवडे त्याच्यावर जोर द्यायचा नसतो. म्हणून सुरुवात आपल्या सर्जनला विचारूनच. मांडी घालणं, खाली बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, पायावर पाय टाकणं, याबद्दलही तेच सांगतील. शेजारच्या काकू बसतात म्हणून आपण बसू नये.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी.

"पाय लांब झालाय" ही तक्रारही नेहमीची. बऱ्याचदा कंबर कलती राहिल्यामुळे तसं वाटतं आणि स्नायू सैल झाले की काही महिन्यांत ते कमी होतं. कधी थोडा फरक खराही असतो. पण घाईने चपलेला टाच लावून घेऊ नका, आधी मोजून घ्या.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा फिरलेला दिसणं, पाऊल टेकवता न येणं, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, ताप, जखमेतून स्राव. अशा वेळी व्यायाम बंद आणि लगेच रुग्णालय. चांगली सुधारत असलेली चाल पुन्हा बिघडू लागली, तरीही दाखवून घ्या.

बाकी, धीर धरा. पहिल्या तीन महिन्यांत फरक भराभर दिसतो, नंतर वेग मंदावतो, पण सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. सहाव्या महिन्यात "आता हे असंच राहणार" म्हणून व्यायाम सोडणारे आम्ही बरेच पाहतो. आणि घरच्यांना एक विनंती: "आई, नीट चाल ना," असं दिवसातून दहादा म्हणू नका. त्यापेक्षा संध्याकाळी दहा मिनिटं त्यांच्यासोबत चाला, मागून बघा आणि सांगा, "आज खांदा कमी डुलला."

आता तुमचे प्रश्न घेऊ.