काजूचं फळ नेमकं कोणतं?

मागच्या भागात आपण फुलाची रचना पाहिली. आज फळ.

वनस्पतिशास्त्रात फळ चवीवर ठरत नाही. फुलातलं अंडाशय फलनानंतर वाढतं आणि पिकतं, ते फळ. आतल्या बीजांडांच्या बिया होतात. या हिशेबाने टोमॅटो, वांगं, भेंडी, मिरची ही सगळी फळंच. भाजीवाल्याचा हिशेब वेगळा, त्याच्याशी वाद घालू नका.

अंडाशयाच्या भिंतीचे पुढे तीन थर होतात. आंब्यात ते स्वच्छ दिसतात : बाहेर साल, मध्ये गर, आत कोयीचं कठीण कवच. खरी बी त्या कवचाच्या आत असते. याला अश्मगर्भी फळ म्हणतात. नारळही याच प्रकारातला. त्याचा मधला थर म्हणजे सोडण आणि आतला थर म्हणजे करवंटी. आंब्यात जिथे रस, नारळात तिथे काथ्या! आपण खातो ते खोबरं मात्र बीचा भाग. टोमॅटो किंवा द्राक्षात कठीण थर नसतोच, ती मृदुफळं. वाटाण्याची शेंग आणि कापसाचं बोंड सुकून उकलतात. गव्हात फळाची भिंत बीला इतकी चिकटलेली असते की प्रत्येक दाणा हेच एक फळ.

ही सगळी साधी फळं, एका फुलातल्या एकाच अंडाशयाची. सीताफळात एकाच फुलातली अनेक अंडाशयं एकत्र वाढतात, ते घोसफळ. फणस तर अख्खा फुलोरा असतो, म्हणून संयुक्त फळ. त्यातला एकेक गरा एकेका फुलाचा.

आता काजू, कारण इथे चुकलं तर कातडी सोलते.

बेळगावकडे एका सरावात माझ्या तुकडीत गढवालचे जवान होते. काजूचं झाड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. लाल बोंडू त्यांनी आवडीने खाल्ले, इथवर ठीक. एकाने मात्र खाली लोंबणारी राखाडी बी दाताखाली धरून फोडली. गावाकडे अक्रोड फोडायची सवय. संध्याकाळपर्यंत ओठ सुजले, फोड आले, आणि पुढचे काही दिवस गडी पातळ खिचडीवर.

त्याला मी जे समजावलं, तेच तुम्हाला सांगतो. बोंडू हे आभासी फळ, म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खालची ती 'बी'. झाडावर पाहा, आधी हिरवी बी पूर्ण वाढते आणि देठ मागाहून फुगतो. फळ ही बीच असल्यामुळे तिलाही भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या मधल्या थरात, मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांत, दाहक तेल भरलेलं असतं. आंब्यात ज्या थरात रस, काजूत त्याच थरात हे तेल. ते शेकोटीत टाकणंही वाईट, धुराने डोळे आणि घसा धरतो.

बिब्याची रचना हुबेहूब अशीच. वरचा फुगलेला नारिंगी भाग वाळवून 'बिब्याची फुलं' म्हणून खातात, आतली गोडंबी लाडवात घालतात, पण मधल्या काळ्या तेलाने बिबा उततो. आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात, त्यांनी या दोघांपासून जास्तच जपावं.

पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाचं ते तेल वाया जात नाही. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ते वापरतात. आमच्या ट्रकांचे ब्रेकही त्यावर चालले असतील. पण काजूगर हाताने सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना ते लागतंच. कोकणात, गोव्यात, केरळात राख किंवा एरंडेल लावून त्या बसतात. हातमोजे घातले तर काम मंदावतं, आणि मजुरी किलोवर असली की मोजे बाजूला पडतात.

पुढच्या भागात बी.