न्हाणीमागचा चमकुरा

परभणीच्या जुन्या घरांत न्हाणीमागे चमकुरा असायचाच. पुण्यामुंबईकडे ज्याला अळू म्हणतात, तोच. शेजारी कर्दळ, जागा असली तर केळ. त्यांना वेगळं पाणी कुणी घालत नसे. आंघोळीचं पाणी मोरीच्या भोकातून थेट वाफ्यात उतरायचं आणि आठवड्याला वड्यांपुरती पानं निघायची. याला पुनर्वापर म्हणतात, हे आजीला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

1968 साली पूर्णेवर येलदरी धरण उभं राहिलं. बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हतं, पण विहिरींना थोडंफार पाणी होतं, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे घरोघर नळ आले, स्लॅबची घरं आली. मोरीचा पाइप गटाराला जोडला गेला. वाफ्यावर फरशी पडली, तिथे स्कूटर लागू लागली. पाणी लांबून येतं म्हटल्यावर ते जातं कुठे, हे बघायची गरजच उरली नाही.

2016च्या दुष्काळी उन्हाळ्यात ती गरज परत पडली. 12 एप्रिलला मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा आमच्या घरात बाजेखाली घमेलं आलं होतं. बाजेवर बसून आंघोळ करायची, पाणी विणीतून खाली घमेल्यात. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, आंघोळीचं संडासात. ही तिन्ही पाणी कधी एकत्र करायची नाहीत, हा आईचा नियम. साबणाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, हे आम्ही एकदाच शिकलो. सप्टेंबरात पाऊस चांगला झाला. घमेलं पुन्हा वाळूसिमेंटकडे गेलं.

त्याच सुमारास शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या शोषखड्ड्यांचा गवगवा झाला होता. चार फुटी खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. सांडपाणी जमिनीत, नाली नाही, डास नाहीत. इकडच्यांनीही तसे खड्डे घेतले. पण आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. ज्यांनी खाली मुरूम लागेपर्यंत खणलं त्यांचा खड्डा चालला, बाकीच्यांचा पावसाळ्यात तुंबला. शिवाय खड्ड्यात मुरवलेलं पाणी भूजलाच्या हिशेबात जातं, त्या घराच्या संडासाला काही ते परत येत नाही.

2020च्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गृहसंकुलांना सांडपाण्याचा पुनर्वापर लावला आहे. चांगलं झालं. पण परभणी गृहसंकुलांची नाही, प्लॉटवरच्या घरांची आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावाने स्वतःचा हिशेब स्वतःच करावा. शहरी मापदंड माणशी रोज 135 लिटरचा, त्यातले 45 निव्वळ संडासात ओतायला. पाच माणसांच्या घरात ते झाले 225 लिटर. तेवढं पाणी येलदरीसारख्या जवळजवळ 50 किलोमीटरवरच्या धरणातून आणायचं, पिण्यालायक करायचं, जलकुंभावर चढवायचं, तिथून आपल्या मोटरने गच्चीवर न्यायचं आणि एका बटणासरशी सोडून द्यायचं. या प्रत्येक टप्प्याला वीज लागते. न्हाणीचं पाणी जाळीतून आणि वाळूखडीच्या टाकीतून गाळून त्याच दिवशी वापरलं, तर हा सगळा प्रवास वाचतो.

तेव्हा घर बांधत असाल तर प्लंबरला आधीच सांगा: न्हाणीचा पाइप वेगळा, संडासाचा वेगळा. आम्ही सांगितलं नव्हतं. नंतर फरशी फोडावी लागली.