घर एक, खाते एक, मोबाइल चार

लखनौच्या आलमबागेला हे नाव नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगम आलम आरा यांच्यासाठी बांधलेल्या कोठीमुळे आणि बागेमुळे मिळाले. आज तेथे रेल्वेचे कारखाने आहेत, फाळणीनंतर येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची दुकाने आहेत आणि 2017 पासून मेट्रोही धावते. नोकरीनिमित्त तेथे राहणारे एखादे मराठी बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावे. वडील कारखान्यात, आई घरी, मुलगा पुण्यात शिकायला आणि आजी साताऱ्याला. कमावते खाते एकच, वडिलांच्या नावे.

अशा घरात काय घडते, हे कोणत्याही शाखेतील कर्मचारी सांगू शकेल. वडिलांचा पिन आईला पाठ असतो. मुलगा पुण्याहून फोन करून ओटीपी विचारून घेतो. वडिलांनी एखादे ॲप विकत घेतलेले असते, म्हणून त्यांचेच गूगल खाते तिघांच्या मोबाइलवर उघडलेले असते. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. एका चुलीवर जेवणाऱ्यांत पैसा आणि परका असा भेद आपल्याकडे कधी नव्हताच.

परंतु बँक आणि कायदा या घरोब्याकडे कसे पाहतात, हे बंगळुरूच्या एका प्रकरणातून दिसते. नोव्हेंबर 2013 मध्ये तेथील एका बाळंतिणीने आपले एटीएम कार्ड आणि पिन पतीला देऊन 25,000 रुपये काढून आणण्यास सांगितले. पावती आली, पैसे आले नाहीत. खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. एटीएमच्या चित्रफितीत उभे होते ते पती, आणि खाते पत्नीचे. पिन दुसऱ्यास दिल्याचे कारण बँकेने पुढे केले. मे 2018 मध्ये ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली. पतीला स्वतःच्या नावाचा धनादेश किंवा अधिकारपत्र द्यावयास हवे होते, असे मंचाचे म्हणणे होते. अंथरुणावरून न उठणाऱ्या स्त्रीला हा न्याय कठोर वाटला असल्यास नवल नाही. तरीही नियमाची बाजू स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातही, ग्राहकाने आपली गोपनीय माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाल्यास, बँकेस कळवेपर्यंतचा भार ग्राहकावरच ठेवला होता. ‘दुसरा’ म्हणजे घरातला की बाहेरचा, असा फरक यंत्राला करता येत नाही.

मग आलमबागेतील आईने भाजीवाल्याचे पैसे द्यायचे कसे? याचे उत्तर ऑगस्ट 2024 मध्ये आले. रिझर्व्ह बँकेच्या घोषणेनंतर राष्ट्रीय देयके महामंडळाने ‘यूपीआय सर्कल’ ही सोय उपलब्ध केली. खातेदार पाच जणांपर्यंत विश्वासू व्यक्तींना आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देऊ शकतो. जोडली गेलेली व्यक्ती मात्र एका वेळी एकाच खातेदाराशी जोडता येते. पूर्ण मुभा दिल्यास महिन्याला 15,000 आणि एका व्यवहारास 5,000 रुपयांची कमाल मर्यादा असते. या मर्यादेच्या आत किती द्यायचे, ते खातेदाराने ठरवायचे. अंशतः मुभा दिल्यास प्रत्येक मागणी वडिलांच्या मोबाइलवर येते आणि त्यांनी पिन टाकल्यावरच पैसे जातात. आजीसाठी ही दुसरी पद्धत बरी. पुण्याच्या मुलास पहिली सोयीची, कारण खाणावळीसमोर उभे राहून वडिलांची वाट कोण पाहणार! दोन्हींत पिन वडिलांकडेच राहतो आणि व्यवहार कोणी केला याची नोंद होते.

पती-पत्नींसाठी याहून जुना मार्गही आहे. ‘कोणीही एक किंवा हयात’ या पद्धतीचे संयुक्त खाते असल्यास पत्नीचा मोबाइल क्रमांकही नोंदविता येतो का, हे शाखेत विचारावे.

विकत घेतलेल्या ॲप, चित्रपट वा पुस्तकांचे तसेच. ॲपलने 2014 मध्ये आणि गूगलने 2016 मध्ये कुटुंबगट सुरू केले. एका गटात सहा जण, प्रत्येकाचे खाते आणि पासवर्ड स्वतंत्र. गूगलच्या गटात ॲपच्या आत केलेली खरेदी वाटता येत नाही, आणि गट सोडणाऱ्यास इतरांची खरेदी मिळेनाशी होते. मुलांच्या खरेदीस मंजुरी देण्याचा अधिकार पालकांकडे ठेवता येतो. वडिलांचे एकच खाते तिघांच्या हाती दिल्यास मात्र त्यांची पत्रे, छायाचित्रे आणि बँकेचे संदेशही तिघांकडे जातात.

पिन ठाऊक असण्याचा सर्वांत अवघड प्रसंग खातेदाराच्या निधनानंतर येतो. मुलगा सवयीने, बहुधा दवाखान्याचे देणे भागविण्यासाठीच, पैसे काढतो, आणि पुढे बहीण हिशेब मागते. दिलेली मुभा खातेदाराबरोबरच संपते. त्यानंतर नामनिर्देशनाची वाट उपयोगी पडते. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, आणि प्रत्येकाचा हिस्साही ठरविता येतो. त्याचा अर्ज शाखेत मिळतो.