घरचा समुद्र आणि आठ पुड्या

इंदूरला समुद्र नाही; माझ्या दिवाणखान्यात मात्र दोनशे लिटर आहे. लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम सागरी क्षार विरघळवून तो मीच सिद्ध केला. त्यात क्लाउनफिशची जोडी नांदते.

यंदा लक्षद्वीपला जाण्याचे ठरले. प्रवेश-परवान्याचा अर्ज, कोचीहून अगत्तीचे विमान ही कामे उरकली. खरी पंचाईत घरच्या समुद्राची. मागील सहलीत शेजाऱ्यांनी प्रेमाने मूठमूठ खाद्य घातले. ते कुजून पाण्यात अमोनिया वाढला आणि दोन मासे दगावले. दोष त्यांचा नव्हे. अति भरवू नका, असे रोज आयांना बजावणारा मी, प्रमाण सांगायलाच विसरलो होतो!

आता आठ दिवसांच्या आठ पुड्या बांधून, तारखा घालून कंपाउंडरच्या स्वाधीन करणार आहे. पातळी उतरली की खुणेपर्यंत गोडेच पाणी घालायचे. "खाऱ्या माशांना गोडे पाणी, डॉक्टरसाहेब?" पाणी उडते, क्षार मागेच उरतात, हे पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

"मासे घरी असताना एवढ्या दूर कशाला?" ही सौभाग्यवतींची पृच्छा. मला ते समुद्रफुलाच्या कुशीत पाहायचे आहेत. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली तापलेल्या पाण्याने तेथील प्रवाळ पांढरे पडले. अधिक थांबण्याचा धीर होत नाही. प्रवाळाचा मृत तुकडा आणणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. माझ्या बॅगेत रिकामी बरणी नाही, याची सौभाग्यवतींनी दोनदा खातरजमा केली आहे.