आरसा गेला, पण ओझे नेमके कशाने कमी होते?

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण देवस्थानापुढील मैदानात चिखलकालो रंगतो. वरून पाऊस, खाली चिखल, आकाश काळवंडलेले आणि खेळगडी क्षणभरही स्थिर नाहीत. कॅमेऱ्याला अवघड जाणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथे एकाच वेळी हजर असतात. सांजांवाला विहिरीत उडी घेणारा तरुण असो किंवा चोडणच्या खारफुटीतून पाण्यावर झेपावणारा खंड्या असो, गोव्यातील छायाचित्रकाराला हवा असलेला क्षण बहुधा पळता आणि ओला असतो. तो टिपण्यासाठी दीड-दोन दशके डीएसएलआर कॅमेरा आणि त्याला जोडलेली जाडजूड टेलिफोटो लेन्स हेच साधन मानले गेले. ही जोडी खांद्याला अडकवून दिवसभर पायपीट केलेल्याला मग ‘मिररलेस’ कॅमेऱ्याच्या जाहिरातीतील ‘लहान आणि हलका’ हे दोन शब्द फार गोड वाटतात.

हे शब्द खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. हौशी माणूस असो वा उत्सव-लग्नांच्या छायाचित्रणावर घर चालवणारा व्यावसायिक, जुने साहित्य विकून नवे घेताना बरीच मोठी रक्कम अडकते. जुन्याला बाजारात मिळणारी किंमतही वर्षागणिक उतरत आहे. अशा वेळी आरसा काढल्याने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा उलगडा व्यवहार करण्याआधी झालेला बरा.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर काचेच्या लोलकात जातो आणि छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. मुख्य आरशामागे आणखी एक लहान आरसा असतो. तो थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. बटण दाबले की दोन्ही आरसे उचलले जातात, शटर उघडते, चित्र उमटते आणि आरसे पुन्हा खाली येतात. निकॉनचा डी५०० किंवा कॅननचा ७डी मार्क २ सेकंदाला दहा चित्रे घेतो, म्हणजे त्याच्या पोटात ही सारी कवायत सेकंदाला दहा वेळा घडते. यंत्रकौशल्याचा हा नमुना कौतुकास्पदच म्हटला पाहिजे. मात्र आरसा वर असेपर्यंत छायाचित्रकाराला काही दिसत नाही आणि फोकसच्या यंत्रणेलाही दिसत नाही. शिवाय फोकस करणारा सेन्सर वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांच्या अंतरात केसभर फरक पडला तरी फोकस पक्ष्याच्या डोळ्याऐवजी शेपटीवर बसतो.

मिररलेस कॅमेऱ्यात मधली सगळी मंडळी रजेवर जातात. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, व्ह्यूफाइंडरमध्ये त्याचेच इलेक्ट्रॉनिक चित्र दिसते आणि फोकसही तोच सेन्सर करतो. पॅनासॉनिकने २००८ साली आणलेला ल्युमिक्स जी१ हा अशा लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल प्रणालींतील पहिला. पुढची काही वर्षे मात्र खेळ किंवा पक्षी टिपणाऱ्यांनी या कॅमेऱ्यांकडे पाठच फिरवली आणि त्यांचे चुकले नाही. त्या वेळचे बहुतेक मिररलेस कॅमेरे केवळ चित्रातील उठाव मोजून फोकस करीत. लेन्स पुढे-मागे सरकवत सर्वांत स्पष्ट जागा शोधायची, हा त्यांचा मार्ग होता. देवळाची दीपमाळ टिपायला तो उत्तम, पण धावत्या माणसासाठी निकामी. विषय पुढे सरकला की मागे, हे त्या पद्धतीला कळतच नसे.

सेन्सरवरच अंतर आणि दिशा ओळखणारे बिंदू बसवले गेले तेव्हा चित्र पालटले. निकॉनने २०११ मध्ये ‘निकॉन १’ मालिकेत ते आणले. सोनीच्या २०१४ मधील ए६००० या मुठीएवढ्या कॅमेऱ्यात असे १७९ बिंदू होते, सेकंदाला ११ चित्रे निघत आणि बॅटरीसह वजन होते जेमतेम ३४४ ग्रॅम. २०१७ मध्ये सोनीच्याच ए९ने सेकंदाला २० चित्रे घेताना व्ह्यूफाइंडर क्षणभरही काळा पडू दिला नाही. व्यावसायिक क्रीडा-छायाचित्रकारांचा सूर बदलू लागला तो इथून. आज माणसाचा, पक्ष्याचा, प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारे कॅमेरे मध्यम किमतीतही मिळतात. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू चौकटीच्या मधल्या भागात दाटलेले असत. इथे ते जवळपास काठापर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे विषय कोपऱ्यात ठेवून रचना करता येते. गतिमान छायाचित्रणासाठी मिररलेसची खरी मिळकत ती ही. वजनाची गोष्ट वेगळी आहे आणि ती अधिक सावधपणे पाहावी लागते.

एक प्रत्यक्ष हिशेब मांडू. निकॉन डी५०० बॅटरी व कार्डासह ८६० ग्रॅमचा. त्याची पक्षीनिरीक्षकांत लोकप्रिय असलेली २००-५०० मिमी लेन्स ट्रायपॉडची कडी काढून सुमारे २,०९० ग्रॅमची. एकूण २,९५० ग्रॅम. त्याऐवजी ओएम सिस्टिमचा २०२२ मधील ओएम-१ हा ५९९ ग्रॅमचा कॅमेरा आणि ऑलिंपसची १००-४०० मिमी ही सुमारे १,१२० ग्रॅमची लेन्स घेतली, तर एकूण भरते १,७१९ ग्रॅम. सव्वा किलोची बचत. फेरीबोटीतून उतरून तासन्‌तास बांधावरून चालणाऱ्याला सव्वा किलोचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण या बचतीत कॅमेऱ्याचा वाटा फक्त २६१ ग्रॅमचा आहे. उरलेले ९७० ग्रॅम लेन्समधून कमी झाले आहेत आणि लेन्सला आरसा कधीच नव्हता.

लेन्स हलकी झाली ती सेन्सर लहान असल्यामुळे. ओएम-१चा ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ सेन्सर १७.३ बाय १३ मिमीचा, तर ‘फुल फ्रेम’ म्हणवला जाणारा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो, म्हणून ४०० मिमीची लेन्स त्यावर फुल फ्रेमवरील ८०० मिमीएवढा जवळचा देखावा दाखवते. डी५००चा सेन्सर या दोहोंच्या मधला, त्यावर ५०० मिमीची लेन्स ७५० मिमीसारखी चालते. म्हणजे पोहोच जवळपास सारखीच. सारखा नाही तो प्रकाश. निकॉनच्या लेन्सचे छिद्र ५०० मिमीला एफ ५.६, म्हणजे व्यास सुमारे ८९ मिमी. ऑलिंपसचे ४०० मिमीला एफ ६.३, म्हणजे सुमारे ६३ मिमी. क्षेत्रफळाने पाहिले तर जवळपास निम्मे. समोरच्या खंड्याकडून आलेला निम्माच प्रकाश या लेन्समधून आत जातो. वाचलेल्या सव्वा किलोची किंमत ही अशी प्रकाशात मोजावी लागते.

जानेवारीतील सकाळी आठच्या उन्हात ही किंमत कुणाला जाणवणारही नाही. आषाढातील संध्याकाळी, सेकंदाच्या सोळाशेव्या भागाइतका शटरवेग हवा असताना ती चित्रातील रवाळपणाच्या रूपाने समोर येते. रवाळपणा कमी करणारी संगणकीय साधने आता इतकी सुधारली आहेत की वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फरक शोधून सापडत नाही. मोठ्या छपाईत मात्र तो सापडतो.

उलट उदाहरणही पाहावे. हलके होण्यासाठी म्हणून कुणी सोनीचा फुल फ्रेम ए७ मार्क ४ (६५८ ग्रॅम) आणि २००-६०० मिमी लेन्स (सुमारे २,११५ ग्रॅम) घेतली, तर एकूण वजन २,७७३ ग्रॅम भरते. डी५००च्या जोडीपेक्षा दोनशे ग्रॅमही कमी नाही! चित्र उत्तम येईल, फोकस अचूक बसेल, पण खांद्याची तक्रार कायम राहील. ‘मिररलेस’ आणि ‘हलका’ हे समानार्थी शब्द नव्हेत, हे दुकानाच्या काउंटरवर कॅमेरा हाती घेताना कळत नाही, कारण तिथे त्याला बहुधा इवलीशी लेन्स लावलेली असते.

प्रवासासाठी आणखी लहान बांध्याच्या कॅमेऱ्याकडे वळणाऱ्यांनी पकडीचाही विचार करावा. चारशे-पाचशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला लांब लेन्स लावली की सारा भार पुढे झुकतो आणि उजव्या हाताच्या शेवटच्या बोटाला धरायला काही उरत नाही. पावसाने ओल्या झालेल्या हातांनी बारीक बटणे चाचपणे हीसुद्धा एक साधनाच आहे.

गतीच्या संदर्भात एक दोष जाहिरातीत सहसा येत नाही. मिररलेस कॅमेऱ्याचे डोळे दिपवणारे आकडे, म्हणजे सेकंदाला ३० किंवा ५० चित्रे, इलेक्ट्रॉनिक शटरचे असतात. त्यात सेन्सर एका क्षणी नव्हे, तर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. साध्या सेन्सरला यासाठी सेकंदाचा पंचविसावा-तिसावा भाग लागू शकतो. तेवढ्यात फिरणारी बॅट बरीच पुढे सरकते आणि चित्रात केळ्यासारखी वाकलेली दिसते, पक्ष्याचा पंख मुरगळल्यासारखा येतो. ए९ किंवा ओएम-१ यांच्यातील स्तररचनेचे, ज्यांना ‘स्टॅक्ड’ म्हणतात, सेन्सर सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात वाचले जातात, त्यामुळे हा दोष क्वचितच डोळ्यांत भरतो. सोनीने २०२३ अखेरीस जाहीर केलेल्या ए९ मार्क ३ने सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचून तो संपवलाच, पण त्याची किंमत सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यातील नाही. स्वस्त कॅमेरा घेणाऱ्याने वेगवान विषयासाठी यांत्रिक शटर वापरावे आणि सेकंदाला दहा-पंधरा चित्रांवर समाधान मानावे, हे अधिक शहाणपणाचे.

याच गोष्टीची दुसरी बाजू गोव्यातील उत्सवी नाटकांच्या मांडवात दिसते. इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण निःशब्द असते. रंगलेल्या स्वगताच्या मध्येच ‘खटक-खटक’ करून पुढच्या रांगेचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. मात्र रंगमंचावरील काही एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल अशा वेगाने मिचमिचत असतात आणि ओळीओळीने वाचलेल्या चित्रात त्यांचे आडवे पट्टे उमटतात. नायकाच्या चेहऱ्यावर पट्टे येण्यापेक्षा आवाज पत्करलेला बरा. प्रयोगाआधी दोन-चार चाचणीचित्रे घेतली की त्या मांडवात कोणते शटर चालेल ते कळते.

एक सोय मात्र जुन्या पद्धतीत शक्यच नव्हती. काही मिररलेस कॅमेरे बटण अर्धे दाबलेले असताना चित्रे सतत घेत आणि पुसत राहतात. बटण पूर्ण दाबताच त्याआधीच्या काही क्षणांची चित्रेही जपली जातात. ऑलिंपसने २०१६ पासून ही सोय दिली आहे. फांदीवर निश्चल बसलेला खंड्या कधी झेपावेल हे माणसाच्या बोटाला कळायला उशीर होतो, कॅमेऱ्याला होत नाही. विहिरीच्या काठावरून पाय सुटण्याचा क्षणही असाच सापडतो.

बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर अजूनही श्रीमंत आहे. प्रमाणित चाचणीत डी५०० एका बॅटरीवर १,२४० चित्रे देतो, ए६००० सुमारे ३६०. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आणि सेन्सर सतत जागे असतात, त्याचा हा खर्च. तेव्हा दोन जादा बॅटऱ्या हव्यातच, आणि विमानप्रवासात त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात, सामानात टाकता येत नाहीत. समुद्रकिनारी लेन्स बदलतानाही काळजी हवी. आरशाचा आडोसा नसल्याने अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर उघडाच पडतो आणि खारट वाऱ्यातील वाळू थेट त्यावर बसते.

पावसाबद्दलचे दावेही नीट वाचावेत. ओएम-१ला आयपी५३ हे मानांकन आहे, म्हणजे धूळ आणि वरून किंवा तिरके येणारे पाण्याचे फवारे तो सोसतो. पण तशीच संरक्षित लेन्स लावली असेल तरच. डबक्यात पडलेल्या कॅमेऱ्याची हमी त्यात नाही.

मग जुन्या लेन्सचे काय? कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर आरशाचा एकही नवा कॅमेरा आणलेला नाही. त्यामुळे वळण आज ना उद्या घ्यावे लागणार, पण ते एका दमात घ्यावे लागत नाही. आरशासाठीची जागा वाचल्याने लेन्सची बैठक सेन्सरजवळ आली. कॅननमध्ये ते अंतर ४४ मिमीवरून २० वर आले, निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ वर. मधली पोकळी भरणारा ॲडॅप्टर लावला की त्या-त्या कंपनीच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात, कॅननच्या ईएफ लेन्स तर फारच चांगल्या. अपवाद निकॉनच्या स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सचा. निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरवर त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. वजन यात कमी होणार नाही, उलट ॲडॅप्टरचे वाढेल. मात्र फोकसची नवी शक्ती लगेच मिळेल आणि लेन्सचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलता येईल. ज्याचे पोट कॅमेऱ्यावर आहे त्याला हाच मार्ग परवडणारा. ज्याला केवळ प्रवासात आनंदाने चित्रे घ्यायची आहेत, त्याने लहान सेन्सरची पूर्ण जोडीच घ्यावी, कारण त्याच्यासाठी घरी राहिलेला मोठा कॅमेरा बिनकामाचा असतो.

विक्रीसाठी ठेवलेल्या जुन्या लेन्सला मात्र पावसाळा काढताना कपाटात कोंडू नये. कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशीची जाळी धरायला एक चातुर्मास पुरतो आणि टॉर्चच्या उजेडात ती दिसली की गिऱ्हाईक निम्मी किंमतही देत नाही. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते.