जुन्या नोंदींचे रुमाल

दुबई सिलिकॉन ओएसिस हे नाव ऐकून गावाकडच्या मंडळींना वाटतं, इथे वाळूतून थेट चिप्स निघत असाव्यात. प्रत्यक्षात ७.२ चौरस किलोमीटरच्या या फ्री झोनमध्ये ऑफिसं आहेत, राहत्या इमारती आहेत, आणि माझ्यासारखे सर्व्हर सांभाळणारे बरेच जण आहेत. आमच्या कामाचा एक भाग अगदी घरगुती आहे: अडगळ आवरणं.

सर्व्हर म्हणजे चोवीस तास रोजकीर्द लिहिणारा कारकून. कोण आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कुठलं बिल अडलं, सगळं तो वेळेसकट टिपतो. या नोंदींना आम्ही 'लॉग' म्हणतो. लक्ष दिलं नाही तर त्या वाढत वाढत डिस्क भरून टाकतात. मग डेटाबेसला नवी नोंद लिहायला जागा उरत नाही आणि तिकडे पुण्यातल्या दुकानात बिलं निघायची थांबतात. आमची सुट्टी शनिवार-रविवारची, त्यांची गर्दीही त्याच दिवसांची. त्यामुळे फोन नेमका तेव्हाच येतो.

अशा वेळी जुने लॉग सरळ पुसून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. घोटाळा कित्येकदा महिन्यांनी उघडकीला येतो आणि तेव्हा पुरावा म्हणून याच नोंदी लागतात. भारतात तर 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग जपणं बंधनकारक केलं आहे.

मग करायचं काय? रुमालात बांधायचं! पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून राहिले, म्हणून तर १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंना त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढता आले. आमचा रुमाल म्हणजे 'जीझिप'. ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी तो १९९२ साली सगळ्यांसाठी मोफत खुला केला. मूळ युक्ती झिव आणि लेम्पेल यांची, १९७७ सालची: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, 'मागे अमुक जागी पाहा' एवढी खूण ठेवायची. आपण यादीत 'वरीलप्रमाणे' लिहितो, तसंच. लॉगमध्ये तेच तेच शब्द हजारदा येतात, म्हणून तो बऱ्याचदा दहाव्या हिश्श्यावर येतो. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते फारसे आटत नाहीत.

पथ्यं मात्र पाळायची. सर्व्हर ज्या वहीत अजून लिहितोय तिला हात लावायचा नाही. जीझिप नवी फाइल करून जुनी पुसतो. पण सर्व्हर त्या पुसलेल्या वहीतच लिहीत राहतो. नव्या नोंदी हरवतात आणि जागाही सुटत नाही. म्हणून आधी वही बदलायची. ते काम 'लॉगरोटेट' नेमाने करतो. दुसरं, गाठोडं पूर्ण बांधून होईपर्यंत मूळ फाइलही जागा अडवून असते. डिस्क काठोकाठ भरली असेल, तर गाठोडं दुसऱ्या डिस्कवर बांधायचं. आणि तिसरं, जीझिपच्याच तपासणीच्या आज्ञेने गाठ पक्की आहे याची खात्री होईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही.

गेल्या वर्षी एका दुकानमालकाने काउंटरवरच्या पोरावर बिलं परस्पर रद्द केल्याचा आळ घेतला. प्रकार पाच महिन्यांपूर्वीचा. मी त्या महिन्याचं गाठोडं न सोडताच 'झेडग्रेप'ने शोधलं. बिलं रद्द झाली होती रात्री साडेअकराला, दुकान बंद झाल्यावर, आणि लॉगिन दुसऱ्याच कोणाचं होतं. पोराची नोकरी वाचली. माझं नाव त्याला ठाऊकही नसेल. पण त्या महिन्याचा लॉग मी अजून पुसलेला नाही.